नववी बैठक आणि पंधरा नंबरची जर्सी

जयेंद्रगंज, लश्कर,
ग्वाल्हेर.
गुरुवार

तीर्थरूप शालिनीआत्या यांना,

अवंतिकाचा नमस्कार. (साष्टांग लिहीत नाही, कारण मी खुर्चीवर बसून लिहीत आहे आणि जे केलेलं नाही ते केलं म्हणून लिहिणं मला जमत नाही. भेटाल तेव्हा वाकून करीन.) तुमची प्रकृती कशी आहे? आतोबांचा रक्तदाब आता गोळीचं ऐकतो का? गुडघ्याबद्दल तुम्हाला विचारायचं नाही हे आपल्या घरात सगळ्यांना पाठ आहे, म्हणून विचारत नाही; पण विचारलं नाही म्हणजे लक्षात नाही असं कृपया समजू नये. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. तुमच्या भावाचा, म्हणजे आमच्या बाबासाहेबांचा, आवाज पूर्वीसारखाच आहे, म्हणजे तीन घरांना पुरून उरेल इतका. आईचं म्हणणं, तुम्ही दिवाळीला पाठवलेला चिवडा फार लवकर संपला, आणि तो कोणी संपवला हे तिला माहीत आहे. मी अजून मालनपूरच्या कारखान्यात मापयंत्रं तपासते. दुसऱ्यांच्या काट्यांवर विश्वास न ठेवण्याचा मला पगार मिळतो. घरी हेच काम मी फुकट करते, त्याचं कौतुक नाही.

पत्र का, फोन का नाही, असं तुम्हाला वाटेल. फोनवर हॉकीचा विषय निघाला की तुम्ही लगेच ग्वाल्हेरच्या उन्हाची चौकशी करू लागता. हर्षिताची निवड झाली तेव्हा तिने सगळ्यात आधी तुम्हाला फोन केला होता. तुम्ही "छान हो" म्हणालात आणि कूलरचा पंप बदलला का ते विचारलंत. पत्रात मध्येच ऊन काढता येत नाही, एवढाच पत्राचा फायदा. या पत्रात कसलीही मागणी नाही. फक्त घडलं ते क्रमाने कळवते.

तर हर्षिता, माझी धाकटी बहीण आणि तुमची भाची, आता पैसे घेऊन हॉकी खेळणार आहे. महिलांच्या नव्या व्यावसायिक लीगमध्ये एका जुन्या क्लबचा संघ उतरला आहे, त्यांनी तिला मधल्या फळीत घेतलं. पहिला सामना इथेच, आपल्या टर्फवर, येत्या नव्हे तर त्याच्या पुढच्या रविवारी. त्याआधी संघाने तिला एकच गोष्ट विचारली: जर्सीवर नंबर कोणता? एक ते बत्तीसमधला, दुसऱ्या कोणाचा नसलेला. न सांगितल्यास उरलेला बत्तीस मिळेल. मला वाटलं हा पाच मिनिटांचा प्रश्न आहे. इथे मी आपल्या घराण्याला कमी मोजलं.

बाबासाहेबांनी प्रश्न ऐकला आणि पंखा बंद करायला सांगितला. (महत्त्वाचं बोलताना ते पंखा बंद करतात, तुम्हाला आठवत असेल.) त्यांच्या मते यात विचारण्यासारखं काही नव्हतंच. आपले पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून इथे आले, आणि दसऱ्याच्या दरबारात आपल्या घराण्याची बैठक उजव्या रांगेत नववी होती (ही माहिती बाबासाहेबांची, मी पडताळलेली नाही). दरबार गेला, रांग गेली, ज्यावर बसायचं ती गादी गेली. नववी हा आकडा मात्र आपल्याकडे शिल्लक आहे. घरातली मुलगी चारचौघांत पाठीवर आकडा लावून उतरणार, तर तो नऊच. हर्षिता काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा तिने ठरवलेलं असतं, हे मला माहीत होतं, तरी मी तिला विचारलं नाही. हर्षिताने काही ठरवलं असलं की मीही गप्प राहून बघते; आपल्या घरात शांतता राखायची तीच एक रीत आहे.

दुसऱ्या दिवशी बाबासाहेब टोपी बाजारात गेले आणि फेटे-अंगरखे शिवणाऱ्या आपल्या नेहमीच्या शिंप्याकडून नमुन्याची जर्सी करून घेऊन आले. निळ्या जर्सीच्या पाठीवर जरीचा नऊ, आत अस्तर, कडेने गोट, आणि नवाच्या पोटात एक छोटा कलाबतूचा सूर्य. मी ती माझ्या काट्यावर ठेवली आणि साध्या जर्सीचं वजन वजा केलं. नुसता आकडा जर्सीच्या दुपटीपेक्षा जड भरला. हर्षिताने ती घालून अंगणात दोन पावलं धावून पाहिलं आणि ती मागच्या बाजूला झुकली. बाबासाहेब म्हणाले, पाठ ताठ राहील. मी म्हणाले, पाठ ताठ ठेवून हॉकी खेळत नाहीत. (हे मी तुम्हाला सांगण्याची गरज नाही.)

इथपर्यंत प्रकरण घरात होतं. पण शिंप्याने ती जर्सी दुपारभर दुकानाबाहेर टांगली होती आणि तिथून दौलतसिंहकाका गेले. दौलतसिंहकाका तुम्ही विसरला नसाल: दोन गल्ल्या सोडून घर, मिशा आपल्या मताइतक्याच ठाम, आणि त्यांच्या म्हणण्यानुसार नववी बैठक त्यांच्या घराण्याची, आपली दहावी. हा वाद दोन्ही घरांत इतका जुना आहे की लग्नाच्या मांडवात खुर्च्या लावणारेही या दोघांना वेगवेगळ्या रांगांत बसवतात, म्हणजे कोणालाच मोजता येत नाही. संध्याकाळी ते आले, चहा नको म्हणाले आणि तो घेतला. मग म्हणाले, "जगदेवराव, बात एका आकड्याची नाहीये. बात ही आहे की तो आकडा आमचा आहे, और तुम्ही तो बाजारात टांगून ठेवलात."

मग बैठक बसली. (कोण कुठे बसायचं यावर पहिली पंधरा मिनिटं गेली, शेवटी दोघेही उभेच राहिले.) कचोऱ्या मागवल्या गेल्या. मला तांत्रिक जाणकार म्हणून बोलावण्यात आलं, कारण इंजिनिअर मुलगी आकड्यांच्या भांडणात तटस्थ असते असा दोघांचाही समज आहे. मी आदल्या रात्री वाचून ठेवलं होतं, ते सांगितलं. आकडा असतो तो लांबून बघणाऱ्यासाठी आणि गुण लिहिणाऱ्यासाठी. म्हणून पाठीवरचा आकडा अमुक उंचीचा, रंगात उठून दिसणारा, साधा असावा लागतो. कलाबतूचा सूर्य चालत नाही. पूर्वी पुष्कळ खेळांत आकडा जागेवरून मिळायचा, गोलरक्षकाला एक, पुढच्यांना पुढचे, म्हणजे तो माणसाचा नसून जागेचा असायचा. आता खेळाडू स्वतः निवडतात आणि संघ बदलला तरी जमल्यास बरोबर नेतात. कोणी जन्मतारीख घेतं, कोणी पहिल्या घराचा क्रमांक. आणि कोणाच्या वाट्याला नुसता उरलेला आकडा येतो, ज्याला काही अर्थ नसतो, आणि तो माणूस त्यात इतकी वर्षं इतकं चांगलं खेळतो की नंतर तो आकडा दुसऱ्याने घालायचा म्हटलं तर त्याला कारण द्यावं लागतं. हे शेवटचं वाक्य मी रात्री तीनदा वाचलं होतं. माझ्या कामात आकडा वस्तूबद्दल काही सांगतो. इथे माणूस आकड्याला काहीतरी व्हायला लावतो. ही उलटी दिशा मला ठाऊक नव्हती.

बाबासाहेबांनी विचारलं, म्हणजे मान आधी नसतो, नंतर येतो? मी हो म्हणाले. ही व्यवस्था दोघांनाही संशयास्पद वाटली. बऱ्याच वर्षांनी त्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं आणि त्या भरात असं ठरलं की दोघांनी मिळून संघाच्या मॅनेजरकडे जावं आणि नवाचा निकाल लावून घ्यावा. हर्षिता सरावाला निघून गेली होती. गाडी मी चालवली. पुढच्या सीटवर कोण बसणार हा प्रश्न निघण्याआधीच मी तिथे माझी हत्यारांची पेटी ठेवली होती.

टर्फवर सराव चालू होता. सगळ्या मुलींनी बिनआकड्याची पिवळी बनियनं घातलेली, सगळ्यांच्या वेण्या, सगळ्या कमरेत वाकलेल्या. आत्या, मी तिथे कठड्याशी उभी राहिले आणि मला माझी बहीण ओळखता आली नाही. वीस वर्षं आम्ही एका खोलीत राहतो. ती झोपेत कोणत्या कुशीला वळते ते मी सांगू शकते. आणि तेवढ्या अंतरावरून ती मला त्या वीसजणींतली कोणीही असू शकत होती. मी एकीकडे बोट दाखवलं, ती छत्तीसगढची निघाली. तेव्हा मला कळलं की तो आकडा किती मोठं काम करतो: एवढ्या लांबून, कोणाच्याही ओळखीशिवाय, तो एका माणसाला बाकीच्यांतून वेगळा काढून हातात देतो. मी हे काम रोज यंत्रांकडून करून घेते आणि इतकं साधं यंत्र मी पाहिलेलं नाही.

दौलतसिंहकाका मात्र कठड्यावर हात टेकून शांतपणे म्हणाले, "ती बघा आपली छोरी. वळायच्या आधी डावा खांदा खाली घालते ती." ती हर्षिताच होती. तुम्हाला कसं कळलं, असं मी विचारलं, तर ते चष्मा पुसू लागले. (चष्मा स्वच्छ होता.)

मॅनेजर शामला मॅडम मूळच्या बेळगावच्या, त्यामुळे आपलं सगळं मराठी त्यांना समजतं, ही त्या दिवशी अडचणच होती. त्यांनी दोन्ही घराण्यांची बाजू न हसता ऐकली. मग म्हणाल्या, नऊ तर कधीचा दिलेला आहे, आणि एका मुलीला हाक मारली. झारखंडची, अंगाने इवलीशी, घामाने निथळत आलेली. बाबासाहेबांनी तिला दरबारी अदबीने विचारलं, हा आकडा आपल्याकडे कुठून आला? ती हिंदीत म्हणाली, कोणाला नको होता म्हणून आला. आता गावी गेल्यावर नावाने कोणी हाक मारत नाही, म्हातारी माणसंसुद्धा "नौ आ गई" म्हणतात. तिने दोघांना वाकून नमस्कार केला आणि पळाली. नववी बैठक दोघांच्याही देखत स्टिक घेऊन धावत निघून गेली, आणि दोघांपैकी एकालाही ती तिच्याकडे मागवेना.

तेवढ्यावर परत यायचं, पण हर्षिताची पिशवी घ्यायला आम्ही खेळाडूंच्या खोलीपाशी गेलो. खोली रिकामी होती. भिंतीला खुंट्या, प्रत्येक खुंटीवर एकेक जर्सी. दाराजवळच्या पहिल्या खुंटीवर चोवीस नंबरची, धुतलेली, इस्त्री केलेली, आणि तिच्याखाली बूट नव्हते. ही कोणाची, असं बाबासाहेबांनी विचारलं. शामला मॅडम म्हणाल्या, संघात बचावाला एक मुलगी होती, बरीच वर्षं खेळली, मग आजारात गेली. चोवीस कोणाला देत नाहीत. ज्या गावी सामना असेल तिथे मुली आधी हा शर्ट लावतात आणि मग आपापले. असा काही नियम कोणी केलेला नाही. पहिल्या वेळी एकीने तो लावला, मग काढणार कोण?

मी बाबासाहेबांकडे पाहिलं. ते जोडे काढत होते. मॅडम म्हणाल्या, अहो राहू द्या. पण तोवर दौलतसिंहकाकांचाही एक पाय मोज्यावर आला होता. आपल्याकडे सांगतात ना, की लढाईत कोणी पडला आणि मागे मूल लहान असलं तर दरबारातली त्याची बैठक कोणाला देत नसत. गादीवर त्याची तलवार ठेवून बाकीचे तिच्या दोन्ही बाजूंना बसत. ही गोष्ट बाबासाहेबांनी मॅडमना सांगायला सुरुवात केली, आणि अर्धी झाल्यावर ती दौलतसिंहकाकांनी पुरी केली, शब्दाला शब्द जोडून. दोन्ही घरांत ती सारखीच सांगतात हे दोघांना त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. मग मोज्यांवर उभं राहून दोघांनी त्या खुंटीला मुजरा केला. बाबासाहेब आधी वाकले, दौलतसिंहकाका किंचित मागाहून. कोण आधी वाकलं यावरून नववी-दहावीचा निकाल लावता आला असता. दोघांच्याही ते ध्यानात आलं नाही.

त्या जर्सीचं वजन फार तर दीडशे ग्रॅम असेल. बाबासाहेबांच्या जरीच्या नवापेक्षा कमी. तिने दोन म्हातारे वाकवले. मी पण चपला काढल्या होत्या, हे नंतर लक्षात आलं.

तेवढ्यात हर्षिता आली. बापाला मोज्यांवर पाहून ती दारातच थांबली. तिने चोवीसकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाबासाहेब, मला पंधरा पाहिजे."

बाबासाहेबांनी सवयीने बोटं मोजायला घेतली: दहावी अमक्यांची, अकरावी तमक्यांची, पंधरावी बैठक, थांब हं, पंधरावी तर... ते बाराव्या घराण्यापाशी अडकले. दौलतसिंहकाकांनी त्यांचा हात धरून खाली केला. "अहो जगदेवराव, दरबार कुठे काढता? पंधरा म्हणजे शालिनीताई."

बाबासाहेबांनी विचारलं, तुम्हाला काय माहीत? दौलतसिंहकाका म्हणाले, "तुमच्या घरचं कोणी मॅचला यायचं नाही. मी यायचो. म्हटलं, बघावं तरी दहाव्या बैठकीचं घर काय करतंय." मग आमच्याकडे न बघता, "काय खेळायची हो ती. डावा खांदा खाली घातला की समोरचीने समजावं, गेली."

हर्षिताला हा आकडा तुम्हीच सांगितला होता म्हणे, तुमच्या बडोद्याच्या घराच्या गच्चीवर, ती आठ वर्षांची असताना, स्टिक कशी धरायची ते दाखवताना. एकदाच. तिने तो तेव्हापासून जपून ठेवला आणि मलाही सांगितला नाही.

येताना बाबासाहेब मागच्या सीटवर दौलतसिंहकाकांशेजारी बसले. जुन्या गोरखी राजवाड्यावरून गाडी गेली, तिथे ते रोज काहीतरी इतिहास सांगतात. त्या दिवशी सांगितला नाही. घरी आल्यावर त्यांनी आईला विचारलं, ताईचा नंबर तुला माहीत होता? आई भाजी निवडत होती. तिने मान वर न करता सांगितलं, "पंधरा. तो शर्ट मीच धुवायचे. पाचाचं पोट उसवलं होतं, ते दोनदा शिवलं." बाबासाहेब उठले आणि त्यांनी स्वतःच पंखा बंद केला. पंखा बराच वेळ तसाच बंद राहिला आणि आम्ही सगळे उकाड्यात बसून होतो.

एवढंच कळवायचं होतं. प्रकृतीला जपावं, आतोबांना नमस्कार. पत्र वाचून उत्तर पाठवलंच पाहिजे असं नाही.

तुमची,
मोजूनमापून आणि तरीही मनापासून,
अवंतिका

ता. क. मागणी नाही असं वर लिहिलं आहे ते पहिल्या पानापुरतं खरं होतं. त्या संध्याकाळी दोघा म्हाताऱ्यांनी आपल्या ओसरीवर संयुक्त निवाडा दिला: बैठकीचा धनी हयात असेल तर त्याचा मान मागून घेता येत नाही; त्याने स्वतः येऊन, हाताला धरून पुढच्याला बसवावं लागतं. मी विचारलं, फोनवर नाही का चालणार? दोघांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी पुन्हा ओढवून घेणार नाही. हर्षितालाही ते पटलं आहे. तुम्ही स्वतः दिल्याशिवाय ती पंधरा घालणार नाही, आणि ती तुम्हाला विचारणारही नाही, कारण तिच्या मते विचारलं की तुम्हाला नाही म्हणता येणार नाही. म्हणून मी विचारते. मला कोणी नाही म्हटलेलं चालतं. शामला मॅडमनी सामन्याच्या आदल्या संध्याकाळपर्यंत, म्हणजे शनिवारपर्यंत थांबायचं कबूल केलं आहे.

ता. क. २. माझा स्वतःचा बैठकीवर, मानावर किंवा आकड्यावर विश्वास नाही. तुमचं सामन्याआधीच्या शुक्रवारच्या गाडीचं तिकीट काढलं आहे, ते रद्द करता येतं. खालची बर्थ मिळाली. (गुडघ्याबद्दल मी काहीही विचारलेलं नाही.)

ता. क. ३. बाबासाहेबांनी तुम्हाला लिहायला कागद घेतला होता. "सौ. ताईस" एवढं लिहून ते उठले. मग मला विचारलं, हॉकी बघायला नेमकं कुठे बसतात? मी जागा दाखवीन म्हणाले. तुम्ही दाखवलीत तर जास्त बरं.

ता. क. ४. जरीचा नऊ बाबासाहेबांनी काल स्वतः नेऊन दौलतसिंहकाकांना दिला. "नववी तुमची," म्हणाले, "आमच्या घरात पंधरा आहे." इतक्या पिढ्यांचं भांडण दारात उभ्या उभ्या संपलं, चहासुद्धा झाला नाही. दौलतसिंहकाका ती जर्सी घालून सामन्याला येणार आहेत. त्यांची पाठ ताठच असते, त्यामुळे तोल जाणार नाही. स्टेशनवर तुम्हाला घ्यायलाही तेच येणार. तो नवव्या बैठकीचा हक्क आहे, असं आता त्यांचं म्हणणं आहे.

ता. क. ५. मॅडमनी दोन्ही जर्सी छापून घेतल्या आहेत, पंधरा आणि बत्तीस, आणि सांभाळायला माझ्याकडे दिल्या आहेत. कापड तेच, माप तेच, वजनात फरक नगण्य. तुम्ही आला नाहीत तर हर्षिता बत्तीस घालून खेळेल आणि चांगलं खेळेल, याची मला खात्री आहे. पंधराला मी काल रात्री इस्त्री केली. (उलटी करून, मंद आचेवर; आकड्यावरून थेट इस्त्री फिरली तर तो सुटतो.) बत्तीसला केलेली नाही.